चौदा नंबरची खाट

मी पाळक झालो त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या चर्चच्या मंडळीत नवी माणसं आली की कधी तरी विचारतात, तुम्हाला प्रभूने कसं गाठलं? त्यासाठी माझ्याकडे एक बरी गोष्ट तयार आहे. लहानपणी ताप आला होता, वडिलांनी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि सकाळी मी उठून भाकरी मागितली. ही गोष्ट खोटी नाही. पण प्रभूने मला गाठलं ते तेव्हा नव्हे. गाठलं बडोद्याला, एका इस्पितळाच्या दारात, आणि ते गाठणं चोराला पकडावं तसं होतं. ती हकिगत सांगायची म्हटली की या वयातही माझे कान गरम होतात. म्हणून आजवर फार थोड्यांना सांगितली. आता लिहून ठेवतो आहे, कारण साक्ष द्यायची तर ती बरी दिसणारीच का द्यावी, हा प्रश्न मला अलीकडे स्वस्थ बसू देत नाही.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. वडील मंडळीच्या शाळेत मास्तर. मी लहानपणापासून बोलका. वक्तृत्वाच्या स्पर्धेत जाऊन ढाल घेऊन यायचो. सतराव्या वर्षी देवळात पहिला उपदेश केला तेव्हा म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि मी व्यासपीठावरून किती जणी रडतात ते मोजत होतो. हे तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. त्याऐवजी सगळ्यांचं एकमत झालं की हा मुलगा पाळकच व्हायचा. बडोद्याला पाळकांना शिक्षण देणारी एक संस्था होती, तिथे मला तीन वर्षांसाठी पाठवायचं ठरलं. निघताना आख्खी मंडळी एस. टी. थांब्यावर आली होती. वडिलांनी नवा शर्ट घातला होता.

तो काळ सगळीकडे नवं काही निघण्याचा होता. बडोद्यात नाक्यानाक्यावर पिवळ्या पाटीचे फोनबूथ झाले होते, समा आणि हरणीकडे शेतं जाऊन सोसायट्या उभ्या राहत होत्या, आणि आमच्या वसतिगृहात केबल नाही म्हणून मुलं कुढत असायची. वर्गात आम्ही नऊ जण. तिघे खेडा-आणंदकडच्या चरोतरचे गुजराती, तिघे पूर्वेकडच्या डोंगरातले आदिवासी, दोघे ओडिशाचे, मराठी मी एकटा. शिकून झाल्यावर आपली भाषा नसलेल्या लोकांत जाऊन राहायचं, हे आधीपासून ठरलेलं असे. त्यासाठी आम्हाला भाषा शिकवत, परक्या घरात कसं वागावं ते शिकवत, आणि दुसऱ्या वर्षी समुपदेशन हा विषय सुरू होई.

त्या विषयाची एक रीत होती, तिच्यावरच ही सगळी गोष्ट उभी आहे. दर बुधवारी चार वाजता प्रत्येकाने इस्पितळात नेमून दिलेल्या एका रुग्णाला भेटायचं. उपदेश करायचा नाही, त्याने मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही, नुसतं ऐकायचं. भेटताना काही लिहायचं नाही. परत येऊन त्याच दिवशी सगळा संवाद आठवून शब्दाला शब्द कागदावर उतरवायचा. डाव्या रकान्यात ‘मी’, मधल्यात ‘ते’, उजवीकडे ‘मला काय वाटलं’. या कागदांना आम्ही ‘शब्दशः’ म्हणायचो. सोमवारी वर्गात एकेकाने आपला शब्दशः वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुकांवर बोट ठेवायचं: इथे तू घाईने धीर दिलास, इथे त्यांना रडू येत होतं तर तू विषय बदललास. सर शांतपणे ऐकायचे. ते खेडा जिल्ह्यातले गुजराती, पण पुण्यात शिकलेले, त्यामुळे माझं मराठी वाचू शकायचे. कागद परत देताना वर लाल शाईत एखादा शेरा लिहायचे. बहुतेकदा तो ‘पुन्हा बघ’ असा असायचा.

माझं गुजराती कच्चं म्हणून सरांनी मला मराठी रुग्ण दिला. सिस्टरने पाठवलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं: पुरुषांचा वॉर्ड, खाट नंबर चौदा, वय अडुसष्ट, गळ्याचा आजार, मराठी. आणि खाली नाव. मी त्यांना इथे नाना म्हणेन, पुढे सगळे तसंच म्हणताना मी ऐकलं.

पहिल्या बुधवारी मी वॉर्डाच्या दारात पोचलो. तिथल्या सिस्टर कडक, चपला बाहेर काढल्याशिवाय आत सोडत नसत. दाराशी चपलांची रांग लागलेली. मी उजव्या पायातली चप्पल काढली. तेवढ्यात आतून फिनाइलचा आणि त्याखालचा तो दुसरा वास आला. कुणी तरी कण्हत होतं. मला एकदम वाटलं, मी आत जाऊन म्हणू काय? तयार भाषण असतं तर मी पाचशे माणसांपुढे उभा राहिलो असतो. इथे तर पहिलं वाक्य त्या माणसाचं असणार आणि ते काय असेल ते मला माहीत नसणार. माझी पाचावर धारण बसली. मी चप्पल पुन्हा पायात घातली आणि जिना उतरलो. चौदा नंबरची खाट कुठली, हेसुद्धा पाहिलं नाही.

कमाटीबागेत जाऊन बसलो. शेवउसळ खाल्ली. मग वाटलं, सोमवारी काय वाचायचं? आजारी होतो म्हणून सांगता आलं असतं. पण मी वही उघडली आणि लिहायला लागलो. मी: नमस्कार, मी शेजारच्या संस्थेतून आलो आहे. ते: या, बसा, बरं वाटलं कुणी मराठी बोलणारं आलं म्हणून. एवढं लिहिल्यावर पुढचं आपोआप आलं. मी नानांना निवृत्त शिक्षक केलं, कारण शिक्षक कसे बोलतात ते मला घरूनच ठाऊक होतं. त्यांना एकटेपण दिलं, मुंबईत राहणारा आणि पत्र न लिहिणारा मुलगा दिला. उजव्या रकान्यात मी स्वतःची एक चूकसुद्धा लिहिली, म्हणजे खरं वाटावं. ही चलाखी कुठून आली मला माहीत नाही, पण ती आली आणि लिहिताना मला मजा वाटली. ही गोष्ट लपवून चालणार नाही. मला मजा वाटली.

सोमवारी सरांनी कागदावर ‘सुंदर’ लिहिलं.

दुसऱ्या बुधवारी मी मनाशी ठरवून गेलो होतो की आज आत जायचंच. दारात उजवी चप्पल काढली. आणि मग लक्षात आलं की आता आत गेलो तर खरे नाना निघणार, आणि ते माझ्या नानांसारखे नसणार. चप्पल पुन्हा घातली. तिसऱ्या बुधवारीही तेच. दरवेळी मी दारापर्यंत मात्र जात होतो. कदाचित तेवढं तरी खोटं राहू नये असं मला वाटत असेल. चौथ्या बुधवारी मी बागेत बसून जो शब्दशः लिहिला तो माझा सगळ्यात चांगला होता. त्यात नाना म्हणतात, ‘आता मला भीती वाटत नाही.’ आणि मग ते माझा हात धरून म्हणतात, ‘तुमच्या प्रभूच्या नावाने माझ्यासाठी एक प्रार्थना करा.’

हे लिहिताना मला ऊन लागल्यासारखं झालं होतं. एका हिंदू गृहस्थाच्या तोंडी, त्यांना न विचारता, न बघता, मी माझा देव घातला होता. परक्यांच्या घरात, परक्यांच्या श्रद्धेत पाऊल कसं जपून ठेवावं यावर महिन्याआधीच मी वर्गात निबंध वाचला होता आणि तोही सगळ्यांना आवडला होता.

तो चौथा कागद मी सोमवारी वर्गात वाचला. डोंगरातला एक मुलगा डोळे पुसत होता, आणि या वेळी मला मोजायची हिंमत झाली नाही. सरांनी मंगळवारच्या प्रार्थनेत चौदा नंबरच्या आजोबांसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितलं. आमच्या खानावळीत जीवीबेन नावाच्या बाई स्वयंपाक करायच्या. वयाने माझ्या आईएवढ्या, विधवा, लिहितावाचता येत नसे. त्यांनी ऐकलं आणि दर बुधवारी सकाळचं न जेवता त्या आजोबांसाठी प्रार्थना करायची असं ठरवून टाकलं. मला वाढताना म्हणाल्या, ‘भाई, एमने कहेजो, एक बेन उपवास करे छे.’ त्यांना सांगा, एक बहीण उपवास करते आहे. मी मान हलवली आणि पोळी अर्धीच टाकून उठलो.

त्या बुधवारी संस्थेला सुट्टी होती, भेटी झाल्या नाहीत. गुरुवारी सरांनी मला बोलावलं. म्हणाले, ‘पुढच्या बुधवारी मी तुझ्याबरोबर येतो. मला त्यांना भेटायचंय. इतक्या वर्षांत असा संवाद मी वाचला नाही.’

मी त्यांच्या खोलीतून निघालो तो थेट प्रार्थनागृहात गेलो. दुपारची वेळ होती, कुणी नव्हतं. पकडला गेलो तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने घरी जावं लागणार, एस. टी. थांब्यावर वडील उभे असणार, या वेळी जुन्या शर्टात. तेच चित्र सारखं डोळ्यांपुढे येत होतं. मी गुडघे टेकले आणि आयुष्यात कधी केली नव्हती इतकी कळकळीची प्रार्थना केली. प्रभू, बुधवारी ती खाट रिकामी असू दे. आधी मनात आलं, ते बरे होऊन घरी गेलेले असू देत. मग आठवलं की ते आजारी आहेत, बरे कसे होतील इतक्यात. तरीही मी प्रार्थना बदलली नाही. खाट रिकामी असू दे, कशीही असू दे, असंच मी म्हटलं. याचा अर्थ मला पुरता कळत होता. समुपदेशन शिकणारा, लोकांच्या उशाशी बसायचं शिक्षण घेणारा मी, ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं अशा माणसाचं मरण मागत होतो, माझा निकाल चांगला लागावा म्हणून. या प्रार्थनेची लाज मला त्या खोट्या कागदांपेक्षा जास्त आहे. कागद फाडता येतात.

बुधवारी सर आणि मी जिना चढलो. सरांच्या काखेत माझ्या चारही कागदांची फाइल होती. दाराशी सरांनी दोन्ही चपला काढून नीट रांगेत ठेवल्या आणि माझी वाट पाहत उभे राहिले. मी उजवी काढली, मग डावी काढली. फरशी गार होती. सर म्हणाले, ‘चल, तू पुढे हो. तुझी ओळख आहे.’

मला चौदा नंबर शोधावा लागला. तो दाराच्या अगदी समोर, टोकाला, खिडकीशी होता. खाट रिकामी नव्हती. उशी उभी करून एक किडकिडीत गृहस्थ टेकून बसले होते, गळ्याभोवती पांढरं बँडेज, मांडीवर लहान मुलांची असते तशी पाटी. शेजारी स्टुलावर नऊवारीतल्या नव्हे, साध्या सुती पाचवारीतल्या एक बाई मोसंबी सोलत होत्या. सरांनी हात जोडले आणि आपल्या पुणेरी-खेडा मराठीत म्हणाले, ‘नमस्कार. तुमच्या बोलण्याने आमच्या मुलांना खूप दिलंय. आज मुद्दाम ऐकायला आलो.’

बाईंनी सरांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. म्हणाल्या, ‘बसा ने. पण ह्यांना बोलता नाही येत हो. गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं ने, आवाजाची पेटीच काढली. दीड महिना झाला. जखम भरतच नाही, म्हणून इथेच आहोत.’

सर माझ्याकडे पाहतील म्हणून मी फरशीकडे पाहत होतो, पण त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी पुन्हा हात जोडले आणि नानांना म्हणाले, ‘माफ करा. आम्ही तुमच्याबद्दल खोटं लिहिलं.’

‘आम्ही’ म्हणाले. तो शब्द अजून माझ्या कानात आहे. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

नानांनी पेन्सिल उचलली. पाटीवर लिहिलं, ‘काय लिहिलं?’ सरांनी थोडा विचार केला आणि फाइल त्यांच्या हातात दिली. मग नानांनी चष्मा लावून माझे चारही कागद वाचले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी अनवाणी उभा राहिलो. ‘आता मला भीती वाटत नाही’ या ओळीवर ते बराच वेळ थांबले. पुढची, प्रार्थना मागतानाची ओळही वाचली. उशाशी दत्ताची लहान तसबीर होती, तिच्याकडे माझी नजर गेली आणि मी डोळे मिटून घेतले. मग कसला तरी आवाज आला म्हणून उघडले, तर नानांचे खांदे हलत होते आणि गळ्यावरचं बँडेज फडफडत होतं. ते हसत होते. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘छान बोलतो मी.’

ती पुसून पुन्हा लिहिलं, आणि या वेळी पाटी माझ्याकडे वळवली. ‘दर बुधवारी दारात. एक चप्पल काढतो. परत घालतो. जातो.’

त्या बाई, पुढे मी त्यांना काकू म्हणू लागलो, माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, ‘अगं बाई, हाच का तो. सिस्टरने सांगितलं होतं ने, एक मराठी मुलगा बुधवारी चार वाजता येणार म्हणून. हे साडेतीनपासून उशी उभी करून बसायचे, पाटी पुसून ठेवायचे. मी म्हणायची, नाही येणार तो. तर हे लिहायचे, दारापर्यंत आलाय, येईल.’ मग त्या सरांना सांगू लागल्या की काल मंगळवारीच नानांना पुढच्या इलाजासाठी मुंबईला न्यायचं होतं. सामान बांधलं होतं, गाडी ठरली होती. तिथून निरोप आला की खाट मिळायला अजून पंधरा दिवस लागतील, म्हणून राहावं लागलं.

मी प्रार्थना केली होती की इथली खाट रिकामी असू दे. ती रिकामी झालीच होती जवळजवळ. एका दिवसाने वाचलो असतो, आणि वाचलो असतो तर आज मी कोण असतो ते मला ठाऊक आहे. मुंबईत खाट का मिळाली नाही याची साधी कारणं असतील, मी त्यावर वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की मी मागितलेलं मला मिळालं नाही, आणि देवाने माझ्यावर केलेली पहिली खरी कृपा तीच होती.

नानांनी पाटीवर शेवटचा शब्द लिहिला, ‘बस.’ पण मला बसवेना. मी सरांच्या मागोमाग बाहेर आलो.

परतताना सर सायकल हातात धरून चालत होते. संस्थेचं फाटक दिसू लागलं तेव्हा म्हणाले, ‘तुझ्याजवळ दोन रस्ते आहेत. उद्या सामान बांध, मी कुणाला काही सांगणार नाही. किंवा सोमवारी वर्गात हे चारही कागद पुन्हा वाच आणि काय झालं ते सांग. मग वर्ष पुन्हा करायचं, आणि तुझ्या मंडळीला तू स्वतः पत्र लिहायचं.’ ते रागावले नव्हते. थकल्यासारखे दिसत होते. म्हणाले, ‘मला वाचताना कळायला हवं होतं. माणसं इतकं चांगलं बोलत नाहीत, बराबर?’

सोमवारी मी वाचलं. दुसऱ्या कागदानंतर मी सरांकडे पाहिलं, पण त्यांनी थांबवलं नाही. डोळे पुसणारा तो डोंगरातला मुलगा खिडकीबाहेर पाहत राहिला आणि पुढचे कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याचं बरोबर होतं. वडिलांचं पत्र आलं त्यात या विषयावर एकच ओळ होती: तुझ्या आईला सांगितलेलं नाही. पण सगळ्यात अवघड गेलं ते जीवीबेनला सांगणं. स्वयंपाकघरात जाऊन मी माझ्या मोडक्या गुजरातीत सांगितलं की ते आजोबा मी बनवले होते, ते प्रार्थना मागत नव्हते, तुमचे उपवास फुकट गेले. त्या कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘पण भाई, मारी प्रार्थना तो साची हती ने?’ माझी प्रार्थना तर खरी होती ना? त्यांनी विचारलं, तो माणूस खरा आहे का, आजारी आहे का? मी हो म्हटलं. ‘तर मग बुधवारी तू जा. माझा उपवास चालूच आहे.’

गेलो. दोन्ही चपला काढल्या. काकू घरी स्वयंपाकाला गेल्या होत्या. नानांनी मला पाहून पाटीवर लिहिलं, ‘स्कोअर?’ त्या दिवशी सामना चालू होता. मला माहीत नव्हता. त्यांनी हात झटकला, म्हणजे काय उपयोग तुझा. ते शिक्षक नव्हतेच. रेल्वेत सिग्नलच्या खात्यात जन्म गेलेला. मुलगाही मुंबईत नव्हता, मांजलपूरला त्यांच्याबरोबरच राहत होता आणि रोज संध्याकाळी स्कूटरवरून डबा घेऊन यायचा. मी लिहिलेलं एकही अक्षर खरं निघालं नाही.

मी बसलो आणि शेवटी सांगून टाकलं. म्हटलं, नाना, मी तुमची खाट रिकामी व्हावी म्हणून प्रार्थना केली होती. कशीही रिकामी व्हावी म्हणून. खिडकीतून ऊन त्यांच्या पांघरुणावर आलं होतं. मग त्यांनी पाटी ओढून हळूहळू लिहिलं, ‘मीही करतो कधी कधी.’

मी वाचलं. त्यांनी बोटाने पुसलं आणि खाली लिहिलं, ‘पण भीती वाटते.’

माझ्याकडे या वाक्याला देण्यासारखी पन्नास उत्तरं असायला हवी होती. त्यांपैकी बरीचशी मी गावच्या व्यासपीठावरून दिली होती, आणि बायका रडल्या होत्या. त्या दिवशी एकही आलं नाही. मी म्हटलं, ‘मलाही.’ नानांनी पाय आक्रसून खाटेवर जागा केली आणि तिथे हाताने थोपटलं. मी स्टुलावरून उठून तिथे बसलो. त्यानंतर भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत आम्ही काही बोललो नाही, लिहिलंही नाही. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. मधे एकदा ते दत्ताच्या तसबिरीकडे पाहून ओठ हलवत होते, आवाज नसलेलं कसलं तरी स्तोत्र. मीही माझ्या देवाजवळ होतो. त्यांच्या तोंडी मला काही घालायचं नव्हतं.

त्या दिवशीचा शब्दशः अर्ध्या पानाचा झाला. मधल्या रकान्यात तीन ओळी, डाव्यात दोन, बाकी कोरं. उजवीकडे ‘मला काय वाटलं’ याखाली मी फक्त ‘लाज’ लिहिलं, आणि बऱ्याच वेळाने त्याखाली ‘बरं वाटलं’. सरांनी तो वाचला, लाल पेन उघडलं आणि काही न लिहिता बंद केलं. ‘हा तू ठेव,’ म्हणाले.

नाना मुंबईला गेले आणि दोन महिन्यांनी परत आले. इलाज उरला नव्हता. पुढे पाऊसकाळ संपेपर्यंत मी दर बुधवारी मांजलपूरला त्यांच्या घरी जात असे, जाताना फोनबूथवाल्याच्या रेडिओवर स्कोअर ऐकून. ते गेले शुक्रवारी. काकू म्हणाल्या, ‘बुधवार असता तर तू असतास ने.’ मला कुणी दिलेली सगळ्यात मोठी पदवी हीच, आणि तिच्या लायक मी नव्हतो हेही मला ठाऊक होतं.

मग माझी नेमणूक पूर्वेकडच्या डोंगरांत झाली. तिथली बोली शिकायला मला फार वर्षं लागली. त्या काळात गप्प बसून माणसांजवळ असणं एवढंच येत होतं, आणि ते मला एका मुक्या माणसाने शिकवलं होतं. मी प्रभूचे आभार मानतो ते माझ्या ऐकलेल्या प्रार्थनांसाठी, आणि त्याहून जास्त त्या एका न ऐकलेल्या प्रार्थनेसाठी. त्याच्या स्वाधीन होणं म्हणजे काही मोठं अर्पण असेल असं मला वाटायचं. माझ्या वाट्याला ते असं आलं की मी पकडला गेलो, आणि ज्याने पकडलं त्याने जागा करून मला बसायला सांगितलं.

आजही कुणाच्या घरी आजारी माणूस असला की दारात माझा पाय अडतो. आतून तोच वास येतो. काय बोलायचं ते आजही माहीत नसतं. मी एक चप्पल काढतो आणि तसाच उभा राहतो, शरमलेला. मग आठवतं की आत कुणी तरी उशी उभी करून बसलेलं असेल, त्याने मला पाहिलं असेल. मग मी दुसरीही चप्पल काढतो.